स्लॅबवरच्या आकड्याचे पैसे किती मोजायचे?

राणी व्हिक्टोरियाचे १८६२ सालचे दोन रुपये शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही चांदीचे, दोन्ही ११.६६ ग्रॅमचे, दोन्हींवरचं मुकुटाचं नक्षीकाम सारखंच शाबूत. एक रुपया नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीच्या प्लास्टिकच्या सीलबंद डबीतून, म्हणजे स्लॅबमधून, 'एमएस ६२' अशी चिठ्ठी घेऊन येतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर 'यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड' असं छापलेलं असतं, म्हणजे घासल्याच्या दोषामुळे आकडाच दिलेला नसतो. लिलावात पहिल्यावर बोली चढत राहते. दुसऱ्यावर ती लवकर थांबते आणि अनेकदा पहिल्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही.

ज्याच्या वाट्याला दुसरी चिठ्ठी येते तो वैतागतो. त्याचा वैताग मला पूर्ण समजतो, कारण त्याला कारण सांगणारं कुणी नसतं. चिठ्ठीवर दोन-तीन शब्द असतात आणि फी परत मिळत नाही. तरीही ग्रेडिंग म्हणजे निव्वळ थोतांड, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही. ग्रेड हे अनुभवी माणसांनी दिलेलं मत आहे. बाजार मात्र त्याला वजनकाट्यावरचं माप समजून पैसे लावतो. मत आणि माप यांच्यातलं अंतर कुठे कुठे पडतं हे ओळखता आलं, की कुठल्या नाण्यासाठी फी भरायची, कुठल्या स्लॅबला जास्त पैसे द्यायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

आधी हा आकडा आला कुठून ते पाहू. एक ते सत्तर ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने १९४९ साली एका पुस्तकात मांडली. १७९३ ते १८१४ या काळातले अमेरिकेचे तांब्याचे मोठे सेंट हा त्याचा विषय होता. त्यामागे भावाचं साधं गणित होतं : जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला एक रक्कम धरली, तर निर्दोष नाणं तिच्या सत्तरपट किमतीचं. पुढे भाव बदलले, ते गणित मोडलं, आकडे मात्र राहिले आणि सगळ्या जगाच्या नाण्यांना लागू झाले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांचं काम सुरू झालं. त्याआधी नाणं किती चांगलं आहे हे विकणारा सांगायचा आणि घेणारा ऐकायचा. नाण्याचा खरेपणा तपासून, ते सील करून, त्याची हमी घेणारी त्रयस्थ संस्था असणं ही मोठी सोय होती, आजही आहे. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

अडचण पुढे येते. साठ ते सत्तर म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं (एमएस), पन्नास ते अठ्ठावन्न म्हणजे किंचित झीज, चाळीस-पंचेचाळीसला एक्सएफ, वीस ते पस्तीसला व्हीएफ. नाण्याची अवस्था उतारासारखी सलग घसरत असते, किंमत मात्र पायऱ्यांनी चढते. चौसष्ट आणि पासष्ट यांच्यातला फरक पुष्कळदा गालावरच्या एखाद्या बारीक टोच्याचा असतो. भावातला फरक मात्र कितीतरी मोठा. परीक्षकाला एका नाण्यासाठी फार थोडा वेळ मिळतो. तेच नाणं पुन्हा पाठवलं तर एखादा आकडा इकडेतिकडे होणं अगदी शक्य असतं. म्हणूनच डबी फोडून नाणं पुन्हा पाठवायचा उद्योग चालतो. आकडा वाढला की नाणं विकायचं, नाही वाढला तर परत फोडायचं. यात वर गेलेला आकडा बाजारात राहतो आणि खाली आलेला नाहीसा होतो. त्यामुळे वर्षागणिक एकूण आकडे थोडे थोडे फुगत जातात. अमेरिकी नाण्यांसाठी तर २००७ पासून सीएसी नावाची संस्था आधीच स्लॅब झालेल्या नाण्यांवर स्टिकर लावते : या आकड्याला हे नाणं खरोखर शोभतं, असं सांगणारा. मतावर दुसरं मत विकत घ्यावं लागावं, याहून स्पष्ट कबुली बाजाराने काय द्यायची?

खरेदीसाठी यातून एक गोष्ट लगेच घ्या. सत्तावन्न-अठ्ठावन्नचं देखणं नाणं आणि साठ-एकसष्टचं टोचे पडलेलं, निस्तेज नाणं समोर असेल, तर अठ्ठावन्नच्या नाण्याकडे नीट बघा. ते नाण्यांच्या पेटीत थोडंफार घासलं गेलंय इतकंच. उठाव, चमक, रंग सगळं जागेवर असतं. साठच्या पुढचा आकडा हवा म्हणून त्याला नाकारणारी गिऱ्हाइकं जोवर आहेत, तोवर ते तुम्हाला कमी पैशात मिळत राहील.

आता आपल्याकडच्या नाण्यांचं सगळ्यात मोठं दुखणं : धुणं. महाराष्ट्रात असंख्य घरांत आजी-पणजीचे चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतात. दर दिवाळीला ते चिंचेने नाहीतर लिंबाने घासायचे, पंचामृत, हळदकुंकू, मग कोरड्या फडक्याने लखलखीत पुसायचे. कुणी रांगोळी लावतं, कुणी दंतमंजन, कुणी भांड्यांची पावडर. देवाच्या कामाला ते योग्यच आहे आणि पूजेतले रुपये पूजेतच राहू द्यावेत, असं माझं मत आहे. पण असा रुपया ग्रेडिंगला गेला की परीक्षकाला नक्षीच्या आधी पृष्ठभाग दिसतो.

टाकसाळीत साच्याखाली दाबताना चांदी मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक, मधून बाहेर जाणाऱ्या रेषा उठतात. प्रकाश त्यांच्यावरून पसरतो तो लस्टर. घरी तपासायचं असेल तर ट्यूबलाइट बंद करा, टेबलावर एकच पिवळा बल्ब लावा, नाणं कडांनी धरा आणि हळूहळू कलतं फिरवा. मूळ लस्टर असेल तर उजेडाचे पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्याभोवती फिरताना दिसतात. घासलेल्या नाण्यावर हे आरे तुटक होतात किंवा दिसतच नाहीत. त्याऐवजी एकाच दिशेने गेलेले किंवा गोल गोल फिरलेले केसासारखे ओरखडे चमकतात. राणीच्या गालासमोरच्या मोकळ्या जागेत ते पहिल्यांदा सापडतील, कारण तिथे फडकं बिनअडथळा फिरतं. मग अक्षरांच्या मुळाशी बघा. मोकळी जागा पांढरीशुभ्र आणि अक्षरांच्या कोपऱ्यात काळी-तपकिरी रेघ उरलेली असेल, तर नाणं घासलेलं आहे. पाचपट किंवा दहापट भिंग पुरतं, जास्तीची गरज नाही.

इथे एक अन्याय आहे आणि तो मला खरोखर खटकतो. सराफाकडच्या द्रावणात नाणं क्षणभर बुडवून काढलं, तर वरचा काळपट थर जातो, ओरखडा एकही पडत नाही, आणि असं नाणं पुष्कळदा साठच्या वरचा सरळ आकडा घेऊन परत येतं. त्याचा दीडशे वर्षांचा रंग गेलेला असतो, तरी. उलट एकदाच, प्रेमाने, मऊ फडक्याने पुसलेला रुपया 'क्लीन्ड' ठरतो. चांदीवर आपसूक चढलेला राखाडी, निळसर, कडेला सोनेरी होत गेलेला थर हे नाण्याचं कवच आहे आणि ते गेलेलं मी नुकसानच मानतो. ग्रेडिंगच्या व्यवहारात मात्र ओरखड्याला शिक्षा आहे, रंग घालवण्याला बहुधा नाही. हे पटो न पटो, नाणं पाठवताना लक्षात ठेवावं लागतं. वारंवार बुडवलेलं नाणं मात्र लस्टर गमावून शिशासारखं मंद दिसतं. ते कुणालाच नको असतं.

घरात सापडलेल्या नाण्याला म्हणूनच काहीही लावू नका. अपवाद एकच. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये चांदीची नाणी वर्षानुवर्षं ठेवली की त्यांच्यावर हिरवट, चिकट थर येतो. हे पीव्हीसीचं काम. हा थर नाण्याला खात राहतो आणि ग्रेडिंगमध्येही नाणं बाद करतो. चांदीचं नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून, नव्या ॲसिटोनने खंगाळून, न पुसता, तसंच वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर पदार्थ असतात. ॲसिटोन भडकन पेटतं, तेव्हा देवघर आणि गॅसची शेगडी यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून काम करा. आणि तो अल्बम टाकून द्या.

धुण्याच्या खालोखाल दागिन्याचा प्रश्न. आपल्याकडे रुपयाला कडी लावून माळेत ओवायची चाल होती. पुढे कुणीतरी कडी काढून, डाग घासून, नाणं पुन्हा 'सुटं' केलेलं असतं. अशा नाण्याची दातेरी कड बारा वाजताच्या जागी बोटाच्या नखाने चाचपा. दाते बुजलेले, पसरट झालेले किंवा रंगाने वेगळे असतील तर तिथे झाळकाम झालेलं आहे. नक्षी कितीही सुरेख असो, सरळ आकडा मिळणार नाही. विकणाऱ्याने कडेचा फोटो दिला नसेल तर मागा. नाहीच दिला, तर पैसे त्या हिशेबानेच लावा.

सराफी ठशांबद्दल मात्र माझं मत कंपन्यांपेक्षा वेगळं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या आणि त्याआधीच्या रुपयांवर चांदी खरी आहे हे पारखून सराफ छोटा ठसा मारायचे. नाणं फिरलं, पारखलं गेलं, स्वीकारलं गेलं, याचा तो पुरावा. पुण्याच्या टाकसाळीच्या अंकुशी रुपयावर एखादा ठसा दिसला तर मला ते नाणं जास्त बोलकं वाटतं. चिठ्ठीवर मात्र तो बऱ्याचदा दोष म्हणून नोंदला जातो. ज्यांना इतिहासासाठी नाणी जमवायची आहेत त्यांनी अशी 'डिटेल्स' नाणी बिनधास्त घ्यावीत. पैसे गुंतवून वाढवायचे असतील तर घेऊ नयेत, कारण विकताना समोरचा चिठ्ठीच वाचणार.

शेल्डनची पट्टी खरी उघडी पडते ती शिवराईपाशी. तांब्याची शिवराई हाताने ठोकलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. साचा मोठा आणि चकती लहान, शिवाय घाव नेहमी मधोमध पडत नसे. त्यामुळे सगळी अक्षरं आणि ठिपक्यांचं वर्तुळ पूर्ण उमटलेली शिवराई दुर्मीळ. जाणकार मराठा संग्राहक पैसे मोजतो ते याच पूर्णपणाचे : 'राजा'चा काना पूर्ण आहे का, 'छ' चकतीबाहेर गेला आहे का, अक्षरांचं वळण सुरुवातीच्या काळातलं आहे की पुढच्या दुदांडी प्रकारातलं. चिठ्ठीवर असतं 'व्हीएफ ३०'. म्हणजे जेवढं उमटलं तेवढं किती झिजलं आहे, एवढंच. अर्धी अक्षरं चकतीबाहेर राहिलेली शिवराई न झिजल्यामुळे पस्तीसला बसू शकते, आणि सगळी अक्षरं असलेली, थोडी मऊ झालेली वीसला. मला विचाराल तर मी दुसरी घेईन, आणि अनुभवी विक्रेताही तिलाच जास्त भाव सांगेल. प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांसाठी एनजीसी घाव आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगवेगळे गुण देते. हाताने ठोकलेल्या मराठा नाण्यांना तशी वागणूक मिळत नाही तोवर त्यांच्या स्लॅबवरचा आकडा बाजूला ठेवा आणि खरेपणाची हमी तेवढी कामाची समजा. शिवराईच्या नकला इतक्या झाल्या आहेत की ती हमीदेखील थोडीथोडकी नाही.

यंत्रावरच्या नाण्यांतही कमी दाब आणि झीज यांची गल्लत होते. साच्याचा दाब कमी पडला तर राणीच्या कानावरचे केस किंवा बाहीवरची नक्षी उमटतच नाही, नाणं नवंकोरं असलं तरी. ओळखायची खूण अशी : सपाट दिसणाऱ्या भागावर बल्बखाली लस्टर सलग दिसला तर दाब कमी, तोच भाग राखाडी आणि मंद दिसला तर झीज. एडवर्डच्या रुपयावर कानामागचे केस आणि दाढी, पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि झग्यावरचा हत्ती इथे पाहा. (१९११ च्या रुपयावरचा हाच हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ते रुपये परत घ्यावे लागले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून काढला.) परीक्षकानेही कमी दाबाला झीज समजण्याचा संभव असतो. तसे झालेले स्लॅब ओळखता येणं हा चांगल्या खरेदीचा एक मार्ग आहे.

चिठ्ठीवरचा मजकूर आकड्याइतकाच काळजीने वाचा. १८६२ हे साल रुपयांवर अनेक वर्षं, १८७४ पर्यंत, तसंच ठेवलं गेलं होतं. तारखेखालचे ठिपके आणि छबीतले बारीकसारीक फरक यांवरून प्रकार ठरतात. काही प्रकार सहज मिळतात, काही फार थोडे. चिठ्ठीवर कधी प्रकार नोंदलेला नसतो, कधी चुकीचा असतो. प्रिडमोरचा ब्रिटिश भारतीय नाण्यांवरचा ग्रंथ किंवा क्राउझेच्या कॅटलॉगमधले फोटो शेजारी ठेवून स्वतः मोजा. दुसरी बाब 'रीस्ट्राइक' या शब्दाची. मुंबई आणि कोलकात्याच्या टाकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या साच्यांवरून नंतरच्या काळात आरशासारखी प्रूफ नाणी काढून दिली. ती सरकारी आहेत, सुंदर आहेत, पण मूळ सालची प्रूफ नाणी वेगळी आणि कितीतरी महाग. मोठ्या आकड्याकडे बघताना हा एक शब्द डोळ्यांवरून निसटतो.

'या ग्रेडमधलं एकमेव नाणं' अशी जाहिरातही आपल्याकडच्या नाण्यांबाबत फार चालते. ग्रेडिंग कंपन्या किती नाणी कुठल्या आकड्याची झाली याची यादी देतात, हे खरं. पण भारतीय नाण्यांपैकी तिथवर पोचतात ती मूठभर. उरलेली सराफांच्या तिजोऱ्यांत, अल्बममध्ये आणि देवघरांत आहेत. यादीतला 'एक' म्हणजे एकाच मालकाने पाठवलं, इतकंच. भाव वाढला की इतरही पाठवतात आणि एकाचे पाच होतात. उलट फोडून पुन्हा पाठवलेल्या नाण्याची जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर एकच नाणं यादीत दोनदा मोजलं जातं.

तुमचं नाणं ग्रेडिंगला परदेशी पाठवायचं मनात असेल तर आधी कायदा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. 'फक्त तपासून परत आणायचंय' या सबबीने तिला सूट मिळत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्डची सगळी नाणी यात येतात, पाचव्या जॉर्जची दरवर्षी आणखी एका सालची येत जातात. कुणी एजंट 'मी पाठवतो, काळजी करू नका' म्हणाला तर काळजी करा. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी इथून जुने रुपये सोबत नेण्याआधी हेच लक्षात घ्यावं. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये तिथल्याच लिलावांतून घेतलेल्या नाण्यांना ही आडकाठी नाही.

सहाव्या जॉर्जची आणि स्वातंत्र्यानंतरची नाणी अजून या मर्यादेबाहेर आहेत आणि त्यांतल्या काहींसाठी ग्रेडिंग खरोखर उपयोगाचं आहे. १९३९ चा मुंबई टाकसाळीचा चांदीचा रुपया हे ठळक उदाहरण. त्याच्या नकला आणि आकडा बदललेले १९३८ चे रुपये इतके फिरतात की स्लॅबशिवाय तो मोठ्या किमतीला घेऊ नये, असंच मी सांगेन. इतर नाण्यांसाठी कागदावर हिशेब मांडा. समजा, सुटं नाणं चार हजारांना जातं आणि हव्या त्या आकड्याला नऊ हजारांना. फी, टपाल, विमा, सीमाशुल्काची कटकट मिळून तीन-साडेतीन हजार गेले, तर उरलेला नफा एका आकड्याच्या फरकाने संपतो. 'डिटेल्स' आलं तर घरचे पैसे घालायचे. म्हणून हिशेब मनातल्या आकड्याने न करता त्याच्या खालच्या आकड्याने करा. त्यातही परवडत असेल तरच पाठवा. साधी, हजार-दीड हजाराची नाणी पाठवू नका.

विकत घेताना स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा : तोच टोचा, तोच रंगाचा डाग, त्याच जागी. क्रमांक खरा आणि डबी नकली असे प्रकार होतात, त्यामुळे नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही. मग चिठ्ठीवर बोट ठेवून स्वतःचा आकडा काढा, आणि मगच बोट उचला. नजर तयार व्हायला नाणी पाहावी लागतात, भरपूर. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय यांत एक एक दुपार घालवा. प्रदर्शनांत विक्रेत्याच्या टेबलापाशी बसून, परवानगी घेऊन, एकाच सालची दहा नाणी हातात धरून बघायला कुणी पैसे मागत नाही.

आणि तुमच्याकडे आधीच 'क्लीन्ड' चिठ्ठी आलेला एखादा रुपया असेल, तर तो फोडून पुन्हा पाठवण्यात पैसे घालू नका. ओरखडे आपोआप जात नाहीत. तो विकायचा असेल तर बल्बखालचे खरे फोटो, दोष स्पष्ट लिहून, मोठ्या लिलावापेक्षा ओळखीच्या संग्राहकाला दाखवा. साल किंवा प्रकार कमी मिळणारा असेल, तर अल्बममधली रिकामी जागा भरणाऱ्याला तो हवाच असतो, आणि तो चिठ्ठी न बघता प्रकार बघून भाव देतो.